बद्द

गोदामात चीजची चाकं झोपलेली,
चाळीस किलोचं एकेक, फळीवर फळी, थेट छतापर्यंत.
बाबांच्या हातात छोटा हातोडा.
लहानपणी मला तो चांदीचा वाटायचा.

टक्. टक्-टक्. टक्.
पुढचं.
टक्. टक्-टक्.
थांबले.
"हे बाजूला काढ."
का?
खांदे उडवले. "बद्द बोललं."

मला तर सगळी एकाच आवाजात बोलत होती.
महिन्याने सुरी लावली. आत बोटभर चीर,
झोपेत कुणाचं तोंड उघडं राहावं तशी.

एन्झा नदीच्या दोन्ही काठांना त्यांचा कान ठाऊक.
लोक म्हणत, एर्मेतेच्या कानात संत बसलाय.
आई म्हणायची, संत कसला,
एकतीस वर्षांची कापलेली चाकं बसलीयत.

मग नोव्हेंबर. धुकं इतकं, की दूधगाडी आधी ऐकू येई, मग दिसे.
काम मागायला गेनादी आला, मोल्दोवाचा,
उसना कोट, बाह्या मनगटाच्या वर.
बाबांनी विचारलं, पहाटे चारला उठशील?
त्याने मान खिडकीकडे वळवली, मग म्हणाला, हो.
याआधी कुठे होतास?
पुन्हा खिडकी.

अर्धा श्वास. तेवढाच वेळ लागला.
"बद्द," बाबा मला म्हणाले, आमच्या गावबोलीत,
त्याला कळू नये म्हणून.

तो उठला. टोपी विसरला.
मी दारातून हाक मारली, तीनदा.
वळला नाही. धुकं मिटलं.
"बघितलंस?" बाबा म्हणाले. "उर्मटही आहे."
टोपी खिळ्याला अडकवली.
अकरा वर्षं ती तिथेच होती.

बाबांचा उजवा कान आधी गेला. मग डावा निघाला.
रेज्जोच्या दवाखान्यात आम्ही रांगेत,
समोरच्या खुर्चीत एक माणूस, मांडीवर मुलीचं जांभळं दप्तर.
नर्सने काही विचारलं.
त्याने मान बाजूला वळवली,
अगदी तशीच,
आणि डावा कान पुढे केला.
"जन्मापासून एकच चालतो," हसून म्हणाला,
"हा दुसरा नुसता शोभेचा."

मी बाबांच्या कोटाचं बटण बघत बसले.

चाक शेवटी कापलंच जातं.
चुकलो असू तर सुरीच्या टोकाशी दिसतं,
कान खजील होतो, शिकतो.
परत पाठवलेलं माणूस कोण उघडून बघतं?
ते धुक्यात जातं
आणि आपण बरोबर ठरत राहतो,
वर्षानुवर्षं, फुकटात.

बाबांनी कोपराने ढोसलं.
आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटत होतं,
अख्ख्या खोलीने ऐकलं:
"तो समोरचा माणूस खणखणीत आहे हं.
मला बघताक्षणी कळतं."

गेनादीने चांगल्या कानाने ऐकलं.
बाबांकडे बघून मान लववली.
ओळखलं की नाही, देव जाणे.
आणि हे बाबांच्या कुठल्या खात्यात लिहायचं,
तेही मला अजून ठरवता आलेलं नाही.

हातोडा आता माझ्याकडे आहे.
चाकांच्या बाबतीत पहिल्याच टक्-ला मानते,
मानावंच लागतं, दुपारपर्यंत चारशे व्हायची असतात.
कुणी काम मागायला आलं
तर खुर्ची उचलून त्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवते
आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते.
लोकांना वाटतं, बाईला विसरायला होतं.

कानाला खडा लावला असं म्हणणार नाही.
कालच एक मुलगी आली, ओले बूट, च्युइंगगम,
दार पुरतं उघडायच्या आत
माझ्या आत कुणीतरी
टक्.